डावऱ्याने उभे राहायचे कुठे?

आमच्या क्रीडा स्टोअरमध्ये सॉफ्टबॉलचे अकरा ग्लोव्ह आहेत. मी स्वतः मोजले आहेत. या खेळात एका हातातल्या ग्लोव्हने चेंडू झेलायचा आणि दुसऱ्या, मोकळ्या हाताने फेकायचा असतो. स्टोअरमधले अकराच्या अकरा ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे आहेत, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी. ज्याचा फेकायचा हात डावा, त्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. तसा एकही नाही.

मी डावरा आहे. सहावीत पहिल्याच ड्रिलला 'सॅल्यूट' ऐकल्याबरोबर माझा भलताच हात वर गेला आणि उस्तादांनी मला 'खब्बू' करून टाकले. इकडे उत्तरेत डावऱ्याला खब्बू म्हणतात. चार वर्षे झाली, आता मेसमधले भैयासुद्धा मला त्याच नावाने हाक मारतात. सॅल्यूट उजव्या हाताने करायला मी केव्हाच शिकलो. एन.सी.सी.च्या .२२ रायफलचा बोल्ट उजव्या बाजूला असतो, तेही जमवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साऱ्या परेडमध्ये एकाचाच हात वेगळा दिसला तर ती परेड कसली?

पण मागच्या वर्षी हाउसच्या सॉफ्टबॉल संघाची निवड होती. मी शॉर्टस्टॉपची जागा मागितली. सर म्हणाले, "खब्बू शॉर्टस्टॉप नहीं खेलता. फर्स्ट बेस पे जा." मी विचारले, का? सर म्हणाले, "नहीं खेलता तो नहीं खेलता."

मी फर्स्ट बेसवर गेलो. पण 'का' डोक्यातून गेले नाही. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ, म्हणून उत्तर शोधायला मी बेसबॉलकडे वळलो. त्या खेळात डाव्या बाजूने बॅट फिरवणारे मोठे फटकेबाज इतके आहेत की त्यांची नावे लिहिता लिहिता वही भरेल. ते सगळे उभे कुठे राहतात, हे पाहिले. सुट्टीभर हाच उद्योग केल्यावर माझ्या लक्षात आले की सरांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. ते अर्धे कोणते, ते सांगण्यासाठी हा लेख.

ज्या मित्रांनी फक्त क्रिकेट पाहिले आहे त्यांच्यासाठी आधी मैदान. एक चौकोन घ्या आणि तो एका कोपऱ्यावर उभा करा. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट. बॅटर तिथे उभा राहतो. त्याच्या उजव्या हाताचा कोपरा फर्स्ट बेस, समोरचा सेकंड बेस, डावीकडचा थर्ड बेस. दोन बेसमधले अंतर ९० फूट (सॉफ्टबॉलमध्ये ६०). चौकोनाच्या आत, होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर पिचर. बॅटरच्या मागे कॅचर. तीन बेसवर एकेक गडी, आणि सेकंड व थर्डच्या मधल्या मोकळ्या जागेत शॉर्टस्टॉप. मागे लांब आउटफिल्डमध्ये तिघे : लेफ्ट, सेंटर आणि राइट. ही नावे बॅटरच्या नजरेने ठेवलेली आहेत. चेंडू मारल्यावर बॅटरने फर्स्ट, सेकंड, थर्ड असे करत पुन्हा होमवर यायचे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावायचे.

सगळा घोळ या दिशेत आहे. बॅटर नेहमी आधी फर्स्ट बेसकडेच धावतो, म्हणून जमिनीवरून आलेला चेंडू उचलून क्षेत्ररक्षकाला बहुतेक वेळा फर्स्ट बेसकडेच फेकावा लागतो.

आता वाचकांनी जरा उठून उभे राहावे. (प्रेपच्या वेळी वाचत असाल तर नको.) तुम्ही शॉर्टस्टॉप आहात आणि तुमचे तोंड होम प्लेटकडे आहे. फर्स्ट बेस तुमच्या डाव्या हाताला आहे. उजव्या हाताने तिकडे फेकायचे असेल तर डावा खांदा लक्ष्याकडे हवा, आणि तो आधीपासून तिकडेच आहे. चेंडू उचला, पाय टाका, फेका. आता हेच डाव्या हाताने करून पाहा. डाव्या हाताने जोरात फेकायला उजवा खांदा लक्ष्याकडे लागतो. तुमचा उजवा खांदा तर थर्ड बेसकडे आहे! म्हणजे आधी सगळे अंग फिरवून जवळजवळ 'पीछे मुड' करायचे आणि मग फेकायचे. मोठ्या सामन्यांतला बॅटर होमपासून फर्स्टपर्यंत सव्वाचार सेकंदांच्या आसपास पोहोचतो. तेवढ्यात चेंडू तुमच्यापर्यंत यायचा, तुम्ही तो उचलायचा, फेकायचा आणि पलीकडच्याने झेलायचा असतो. या हिशेबात 'पीछे मुड'ला वेळ नाही. थर्ड बेस आणि सेकंड बेस या जागांचीही हीच अडचण.

फर्स्ट बेसवर मात्र चित्र नेमके उलटे होते. तिथे उभे राहून होमकडे तोंड केले की सेकंड आणि थर्ड दोन्ही उजव्या हाताला येतात. डाव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा खांदा आपोआप लक्ष्याकडे. शिवाय त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला. जिकडून चेंडू येणार तिकडेच ग्लोव्ह. तेव्हा सर बरोबर होते आणि याचे कारण भूमितीत आहे, हे मी इथे लेखी कबूल करतो.

कॅचरची जागाही डावऱ्यांना सहसा मिळत नाही. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथे मला वेगळे म्हणायचे आहे. थोडक्यात, नऊपैकी चार जागांना कुलूप. उरल्या पाच : पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफिल्डच्या तीन.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती समजायला मला बरेच दिवस लागले. जागा ठरते ती फेकायच्या हातावरून. बॅटचा तिच्याशी संबंध नाही. एखादा खेळाडू डाव्या बाजूने बॅटिंग करतो आणि उजव्या हाताने फेकतो, असे खूपदा असते. आपल्याकडे सौरव गांगुलीची बॅटिंग डावी आणि गोलंदाजी उजवी. सांगलीत वाढलेली स्मृती मानधनाही उजव्या हाताची, बॅट मात्र डावी. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि बॅटिंग-गोलंदाजी उजवीने करतो. बेसबॉलमध्ये म्हणून खेळाडूची ओळख करून देताना दोन गोष्टी सांगतात : बॅट कोणती आणि फेक कोणती.

आणि या दोन गोष्टींची किंमत अगदी वेगवेगळी आहे. डावी फेक दारे बंद करते, डावी बॅट उघडते.

डाव्या बॅटचे एवढे कौतुक का? बहुतेक पिचर उजव्या हाताचे असतात. उजव्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून दूर पळतो, पण डाव्या बॅटरकडे आत येतो. शिवाय तो पलीकडच्या बाजूने येत असल्याने डाव्या बॅटरला नीट दिसतो. दुसरे म्हणजे, डावा बॅटर प्लेटच्या फर्स्ट बेसकडच्या बाजूला उभा असतो, म्हणजे धावायला एक-दोन पावले कमी. (होम रन मारणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. तो रमतगमतच फिरतो.) तिसरे, फर्स्ट बेसवर आधीच एखादा रनर असेल तर फर्स्ट बेसमनला त्याच्यावर लक्ष ठेवायला बेसला चिकटून उभे राहावे लागते आणि उजवीकडे खिंडार पडते. डावा बॅटर जोरात फिरवतो तेव्हा चेंडू बहुधा तिकडेच जातो.

न्यूयॉर्कच्या जुन्या यांकी स्टेडियममध्ये तर राइट फिल्डच्या कडेची भिंत ३०० फुटांच्याही आत होती आणि डावीकडे मधल्या भागात तीच भिंत साडेचारशे फुटांवर. डाव्या फटकेबाजाला याहून चांगले मैदान कोण देणार? आमच्या मैदानातही उजवीकडे मेसची भिंत जवळ आहे. मी मागच्या वर्षी तिच्यावर तीनदा चेंडू आपटला, त्यातला एक खिडकीला लागला. त्या खिडकीचा विषय मिटलेला आहे.

आता मोठी माणसे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये कारकिर्दीत सर्वांत जास्त होम रन मारणारे पहिले दहा जण घेतले, तर त्यांत चौघे डाव्या बाजूने फटकावणारे आहेत : बॅरी बाँड्स ७६२, बेब रूथ ७१४, केन ग्रिफी ज्युनियर ६३० आणि जिम टोमी ६१२. माणसांत डावरे साधारण दहात एक असतात, आणि इथे दहात चार. यातले बाँड्स, रूथ आणि ग्रिफी फेकायलाही डावे होते. ते कुठे उभे राहत? बाँड्स लेफ्ट फिल्ड, ग्रिफी सेंटर फिल्ड, रूथ मुख्यतः राइट फिल्ड. तिघे डावे आणि आउटफिल्डच्या बरोबर तीन जागा. चौथा टोमी फेकायला उजवा होता, म्हणून तो आला तेव्हा थर्ड बेसवर खेळत असे. पुढे फर्स्ट बेसवर गेला. मला हे चौघे म्हणजे या नियमाचे सोडवलेले उदाहरणच वाटतात.

उजव्या फेकीच्या डाव्या फटकेबाजांना सगळे मैदान मोकळे. एडी मॅथ्यूजने थर्ड बेसवर खेळून ५१२ होम रन मारले. योगी बेरा कॅचर होता. आजचा कोरी सीगर शॉर्टस्टॉप आहे, बरोबर माझी जागा, आणि दोनदा वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आहे. हेवा वाटतो.

दोन्ही हातांनी डावा असलेल्यांत लू गेहरिगचे नाव आमच्या हाउसच्या भिंतीवर लिहावे असे मला वाटते. तो फर्स्ट बेसमन. १९२५ ते १९३९ या काळात तो सलग २१३० सामने खेळला, एकही न चुकवता. बोटे मोडली, पाठ धरली, तरी गडी मैदानात. आमच्याकडे पी.टी. चुकवायला सर्दीचे निमित्तही पुरते. शेवटी त्याला स्नायू निकामी करणारा रोग जडला. त्या रोगाला तिकडे आजही त्याच्याच नावाने ओळखतात. ४९३ होम रनवर तो थांबला.

जपानचा सादाहारू ओ हाही फर्स्ट बेसमन. त्याने जपानच्या लीगमध्ये ८६८ होम रन मारले, म्हणजे बाँड्सपेक्षाही शंभरावर जास्त. ओ जन्माने डावरा, पण लहानपणी उजव्या बाजूने फटकावत असे. अराकावा नावाच्या खेळाडूने त्याला पाहिले आणि डावीकडून मारायला सांगितले. पुढे हाच अराकावा त्याचा प्रशिक्षक झाला. ओ आला होता पिचर म्हणून, संघाने त्याला फर्स्ट बेसवर उभे केले. सुरुवातीची वर्षे यथातथाच गेली. मग १९६२ साली तो उजवा पाय उचलून, बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून चेंडूची वाट पाहू लागला. तोल साधण्यासाठी तो तलवारीने सराव करायचा. एका पायावर उभे राहणे ही शिक्षा आहे असे आजवर मला वाटत होते.

टेड विल्यम्सबद्दल मात्र आपल्यासारख्या शाळेच्या मासिकात थोडे जास्त लिहायला हवे. डावी बॅट, उजवी फेक, जागा लेफ्ट फिल्ड. १९४१ साली त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार संधींत ४०६ वेळा चेंडू मारून बेस गाठला. तीनशे म्हणजे उत्तम समजतात, यावरून अंदाज येईल. तो इतक्या हमखासपणे उजवीकडे मारी की १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या लू बूद्रोने आपले जवळजवळ सगळे गडी मैदानाच्या उजव्या अर्ध्यात नेऊन उभे केले. डावे अर्धे ओसाड. तिकडे हळूच चेंडू ढकलला असता तरी चालले असते, पण विल्यम्स बहुतेक वेळा त्या भिंतीवरच धडका देत राहिला. हट्टी माणूस. डाव्या फटकेबाजांविरुद्धची ही मोर्चेबांधणी नंतर इतकी वाढली की २०२३ पासून नियमच केला : पिचर चेंडू टाकताना सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन गडी असलेच पाहिजेत.

पण मला सांगायचे आहे ते वेगळे. विल्यम्स दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाला आणि तीन पूर्ण हंगाम खेळला नाही. परत येऊन पुन्हा अव्वल ठरला. मग कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि मरीन कोअरने त्याला पुन्हा बोलावले. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. त्याने जेट विमानातून ३९ लढाऊ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याच्या विमानाला मारा लागला, चाके उघडेनात, विमान पेटलेले. त्याने ते पोटावर घसरवत धावपट्टीवर उतरवले आणि उडी मारून बाहेर पळाला. एकूण जवळजवळ पाच हंगाम गेले. तरीही ५२१ होम रन. ती पाच वर्षे मिळाली असती तर किती झाले असते, याचा हिशेब मी वहीत तीनदा मांडला. दर वेळी वेगळा आकडा येतो आणि तो दर वेळी सहाशेच्या वर असतो.

आता बेब रूथ. त्याला मी मुद्दाम मागे ठेवला.

रूथ आपल्यासारखाच वसतिगृहातला. १९०२ साली, सात वर्षांचा असताना, वाह्यात पोर म्हणून त्याला बाल्टिमोरच्या सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये ठेवले. धर्मगुरूंची शाळा, कडक शिस्त. तिथे तो शर्ट शिवायला शिकला, उजव्या हाताने लिहायला शिकला आणि ब्रदर मथायस यांच्याकडून बेसबॉल शिकला. शाळेच्या संघात तो कॅचर होता. डाव्या हाताने फेकणारा कॅचर! आणि शाळेत डावऱ्यासाठी मिट (कॅचरचा जाड ग्लोव्ह) नव्हता. मग तो उजव्यांचा मिट डाव्या हातात घालायचा, चेंडू झेलायचा, मिट झटकून काढायचा आणि त्याच डाव्या हातात चेंडू घेऊन फेकायचा.

हे वाचले तेव्हा मी वाचनालयात एकटाच मोठ्याने हसलो आणि मला बाहेर काढले गेले. कारण सातवीपासून मी अगदी हेच करत आलो आहे. ग्लोव्ह डाव्या हातात, चेंडू झेलला की ग्लोव्ह काढून बगलेत दाबायचा, चेंडू डाव्या हातात घ्यायचा, फेकायचा. तोवर रनर बेसवर पोहोचून बुटाची लेस बांधत असतो. रूथ हे माझ्यापेक्षा पुष्कळच चपळाईने करत असणार.

पुढे शाळेतल्या या कॅचरला पिचर केले गेले. जोरदार डावा हात दिसला की बेसबॉलमध्ये हेच होते, आणि रूथ पिचर म्हणूनही साधा नव्हता. १९१६ मध्ये त्याने बॉस्टनसाठी २३ सामने जिंकले. पण पिचर रोज खेळत नाही, त्याच्या हाताला विश्रांती लागते. ज्याची बॅट रोज हवी त्याला चार दिवसांतून एकदा खेळवणे परवडत नाही. म्हणून रूथ हळूहळू आउटफिल्डमध्ये गेला. १९१९ मध्ये २९ होम रन, १९२० मध्ये न्यूयॉर्ककडून ५४, १९२७ मध्ये ६०. यांकी स्टेडियमवर तो राइट फिल्डला असे, पण ज्या मैदानावर राइट फिल्डला डोळ्यांत ऊन येई तिथे त्याला लेफ्टला पाठवत. एवढ्या मोठ्या फटकेबाजाचे डोळे जपायचे म्हणून बाकीच्यांनी जागा बदलायची. आमच्या हाउसमध्ये ऊन नेहमी ज्युनियरच्या वाट्याला येते.

शंभर वर्षांनी हीच कोडी जपानच्या शोहेई ओतानीपुढे आली. तो पिचरही आहे आणि फटकेबाजही. बॅट डावी, फेक उजवी. पिचर नसतो त्या दिवशी तो मैदानात उभाच राहत नाही, फक्त बॅटिंग करतो. अशी 'नेमलेल्या बॅटर'ची जागा अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणि नॅशनल लीगने २०२२ पासून कायमची आणली. त्या जागेवरून ओतानीने २०२४ मध्ये ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. दोन्हींत पन्नाशी गाठणारा तो पहिलाच. ही जागा आल्यामुळे डेव्हिड ऑर्टिझसारख्या, दोन्ही हातांनी डाव्या आणि अंगाने भारी फटकेबाजाला 'उभे राहायचे कुठे' हा प्रश्नच फारसा उरला नाही. ५४१ होम रन, बहुतेक काळ बाकावर बसून आपली पाळी आली की उठायचे. माझ्या मते ही थोडी पळवाट आहे. हाउस कॅप्टनच्या मते ही आदर्श नोकरी आहे.

आता कुलूप लावलेली चौथी जागा, कॅचर. तिच्याबद्दल सांगितली जाणारी कारणे मी एकेक तपासली. एक, उजवा बॅटर कॅचरच्या डाव्या बाजूला उभा असतो, त्यामुळे डाव्या कॅचरच्या फेकीला आडवा येतो. खरे आहे. पण उजव्या कॅचरलाही डावा बॅटर तसाच आडवा येतो, आणि डावे बॅटर काही थोडेथोडके नाहीत. दोन, थर्ड बेसकडे फेकायला डाव्या कॅचरला जास्त वळावे लागते. हेही खरे, पण मग फर्स्ट बेसकडे फेकायला त्याला सोपे जाते. तीन, होमवर येणारा रनर कॅचरच्या डावीकडून येतो आणि डाव्या कॅचरचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. त्याला बाद करायला हात आडवा न्यावा लागतो. हे तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते, तरी शॉर्टस्टॉपच्या 'पीछे मुड'सारखे ते नाही.

आणि खेळून दाखवलेले आहे. जॅक क्लेमेंट्स नावाचा डावा कॅचर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारावर सामने त्या जागी खेळला, आणि त्या काळाच्या मानाने चांगला फटकेबाजही होता. त्याच्यानंतर तेवढे सामने खेळणारा डावा कॅचर झालाच नाही. १९८९ मध्ये बेनी डिस्टिफॅनो पिट्सबर्गकडून तीन सामन्यांत कॅचर म्हणून उतरला, तर तेवढ्यावर त्याचे नाव आजही लोकांच्या लक्षात आहे. मला वाटते खरे कारण साधे आहे. डावा हात चांगला असला की मुलाला पिचर करतात, म्हणून डावे कॅचर तयार होत नाहीत. डावे कॅचर नाहीत म्हणून त्यांचा मिट कोणी घेऊन ठेवत नाही. आणि मिट नाही म्हणून पुढचा डावा मुलगा कॅचर होत नाही.

हे लिहिताना मला माझ्याच जागेतली एक गंमत दिसली. डावऱ्याला फर्स्ट बेसवर पाठवायचे एक मोठे कारण म्हणजे उजव्या हातातला ग्लोव्ह. आणि मी तिथे वर्षभर उभा आहे तो डाव्या हातात ग्लोव्ह घालून!

या सत्राच्या सुरुवातीला मी हे सगळे कागदावर आकृतीसह मांडून सरांकडे नेले. शॉर्टस्टॉपचा हट्ट सोडला आहे, असे आधी सांगितले. मग म्हटले, फर्स्ट बेस खेळेन, पण एकदा कॅचर म्हणून उभे करून पाहा. सरांनी दोन्ही पाने वाचली. आकृतीत मी थर्ड बेस चुकीच्या बाजूला दाखवला होता, तो त्यांनी पेन्सिलने दुरुस्त केला. नाही म्हणाले नाहीत. एवढेच विचारले, "मिट कहाँ है?"

बाबांची पोस्टिंग सध्या जालंधरला आहे. खेळाचे सामान बनवणारे कारखाने तिथे गल्लोगल्ली आहेत म्हणे. मागच्या रविवारी मी त्यांना पत्र लिहिले आणि सोबत मापासाठी एका कागदावर माझ्या उजव्या पंजाची रेघ काढून पाठवली. डाव्या हाताने काढली असल्यामुळे ती फार सुबक आली आहे.